जमा आणि नावे

नवी जालनिशी, म्हणजे ब्लॉग, सुरू करणाऱ्याची पहिली अडचण लेखनाची नसतेच. ती असते 'तुमचा परिचय' असे वर लिहिलेल्या एका रिकाम्या चौकटीची. अजून एक ओळही लिहून झालेली नसते आणि आपण कोण, हे दोन वाक्यांत सांगायचे असते. सल्ला देणारेही त्याच चौकटीभोवती घोटाळतात: आधी ओळख ठरवा, एकच विषय पकडा, साजेसे नाव आणि छायाचित्र निवडा, मग लिहायला बसा. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. मराठीत लेखन आणि नाव यांची सोयरीक फार जुनी आहे आणि तिचा माग काढला तर ओळख लेखनामागून साचत आलेली दिसते. आपल्या जमाखर्चाच्या वहीत यासाठी नेमका शब्द तयारच आहे. वहीची एक बाजू जमेची, दुसरी नावे. एखाद्याच्या नावे रक्कम लिहिली की ते त्याचे देणे झाले. लेखकाने घेतलेले नावही असेच उघडलेले खाते असते, आणि संकेतस्थळावरच्या नोंदणीलाही आपण 'खाते'च म्हणतो, हे बरेच झाले.

हे खाते पहिल्यांदा उघडले संतांनी. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा छापखान्याच्या कितीतरी आधीची. पोथीला मुखपृष्ठ नव्हते आणि कीर्तनात ऐकलेल्या रचनेला तर कागदही नव्हता, त्यामुळे कर्त्याचे नाव रचनेतच गुंफावे लागे. जनाबाईने स्वतःला 'नामयाची जनी' म्हणवले, म्हणजे आपली ओळख दुसऱ्याच्या नात्याने सांगितली. तरीही आज ती ओळखली जाते ती जात्याच्या आणि शेणगोवऱ्यांच्या संगतीत देवाला ओढून आणणारी कवयित्री म्हणून, आणि ही ओळख तिच्या अभंगांनी कमावलेली आहे. मुद्रेत धोकाही होता. विष्णुदास नामा नावाच्या पुढच्या काळातल्या कवीच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आणि त्या निवडून काढताना अभ्यासकांची दमछाक झाली. कुणाचाही उतारा पुलंच्या नावावर खपवून पुढे ढकलण्याची मोबाइलवरची सवय म्हणजे त्याच रोगाची नवी साथ.

छापखाना आला आणि नाव रचनेतून निघून वेगळ्या ओळीत जाऊन बसले. मार्च १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे येऊ लागली. ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीतले सरकारी नोकर होते. नाव तसे भलतेच मोठे, लोकांच्या हिताचे बोलणारा! आजच्या परिचयाच्या चौकटीत कुणी असे लिहिले तर आपण गालात हसू. पण त्या नावाखाली एकामागून एक १०८ पत्रे आली, आणि स्वजातीच्या आळसापासून विधवांच्या हालांपर्यंत सगळे बोलून झाल्यावर कुणी हसले नाही, चिडले मात्र पुष्कळ. नावातला दावा पत्रांनी फेडला. दोनचार पत्रांनंतर लेखक गप्प बसला असता तर 'लोकहितवादी' हे आज कुणा संशोधकाच्या तळटीपेतही सापडले नसते.

जालनिशीचा खरा मराठी पूर्वज मात्र 'निबंधमाला'. जानेवारी १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ती सुरू केली तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. मासिक त्यांचे, मजकूर जवळजवळ सगळा त्यांचाच, आणि विषयाला कुंपण नाही: मराठी भाषेची अवस्था, इतिहास, वक्तृत्व, इंग्रज पंडित डॉ. जॉन्सन. एकच विषय पकडा म्हणणाऱ्या आजच्या सल्लागाराने पहिल्या वर्षातच त्यांना नापास केले असते. माला सुमारे सात वर्षे चालली आणि ८४ अंक निघाले. शास्त्रीबुवा स्वतःला मराठी भाषेचा शिवाजी म्हणवत, असे सांगतात. म्हणवत असतीलही. लोकांनी ते चालवून घेतले, कारण अंकांची चळत समोर होती. पण याच वहीची दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्योतीराव फुल्यांची भाषा आणि विचार यांची चिपळूणकरांनी मालेत टवाळी केली. त्या काळच्या पुष्कळ वाचकांना ती चमकदार वाटली असेल. आज मात्र चिपळूणकरांचा विषय निघाला की त्यांच्या गद्याच्या जोडीने ती टवाळीही निघते, ती अगदी जमाखर्चाच्या अर्थाने त्यांच्या नावे पडली आहे, आणि मरणोत्तर कुणाला ती खोडता येत नाही. आपली प्रतिमा आपणच घडवतो या समजुतीला इथे तडा जातो. नोंदी लेखक करतो, हिशेब तपासणारे मागाहून येतात.

विसाव्या शतकात एकेका माणसाने दोन-तीन खाती चालवली. राम गणेश गडकरी नाटकात स्वतःच्या नावाने वावरले, कवितेत गोविंदाग्रज झाले आणि विनोदात बाळकराम. शिरवाडकरांनी कविता कुसुमाग्रजांच्या हवाली केली. ही दोन्ही 'अग्रज' नावे धाकट्या भावंडांवरून, गोविंद आणि कुसुम यांच्यावरून, घेतलेली, म्हणजे त्यांत कसलाही दावा नाही. 'बालकवी' हे तर त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात इतरांनी दिलेले नाव. एवढी नावे म्हणजे दुटप्पीपणा, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. बाळकरामच्या लेखाला हसायच्या तयारीने बसलेला वाचक गोविंदाग्रजांच्या कवितेकडे वेगळ्या तयारीने जातो, त्याची सोय होते. दुटप्पीपणा होतो तो एका नावाने केलेली उधारी दुसऱ्या नावाआड दडवली की.

इथे एक आक्षेप रास्त आहे. टोपणनावाच्या आडून आज जी शिवीगाळ चालते, ती पाहता प्रत्येकाला खरे नावच सक्तीचे का करू नये? गूगल प्लस या समाजमाध्यमाने २०११ मध्ये तसा नियम केला, त्यावर वाद झाले आणि २०१४ मध्ये त्यांनी तो सोडला. या सक्तीत कोण भरडले जाते, हे पाहायला आपल्याला मात्र परदेशी जायला नको. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला तो 'विभावरी शिरूरकर' या नावाने. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातले त्यात इतके उघड आले होते की मोठे वादळ उठले. लेखिका बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. खऱ्या नावाची अट तेव्हा असती तर ते पुस्तक बहुधा निघालेच नसते. पुढे खरे नाव उघड झाल्यावरही त्यांनी टोपणनाव टाकून दिले नाही आणि 'बळी' ही कादंबरी १९५० मध्ये त्याच नावाने आली. टोपणनाव आणि बेनामी यांतला फरक तो हाच. शिवी देऊन पळणारा दर खेपेला नवे नाव घेतो, कारण जुन्या खात्यावरची बाकी त्याला नको असते. टोपणनाव चालवणारा तेच नाव घेऊन पुन्हा वाचकापुढे येतो, मग जन्मदाखल्यावर काहीही असो.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. खाते आपले, पण वही कुणाची? लोकहितवादींनीही दुसऱ्याच्याच साप्ताहिकात लिहिले, मात्र त्यांची पत्रे पुढे पुस्तकरूपाने एकत्र झाली म्हणून आपल्यापर्यंत पोचली. जिओसिटीजवरची घरगुती पाने २००९ मध्ये बंद झाली, गूगल प्लस २०१९ मध्ये. मराठीवर तर आणखी एक आपत्ती आली. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा असे. तो फॉन्ट नसेल तर त्या काळचे पान आज उघडल्यावर रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी दिसते. वेलांटीच्या जागी अर्धविराम, मात्रेच्या जागी भलतेच काही. लेखकाचे नावही त्याच खिचडीत गेलेले असते आणि कोणत्याही शोधयंत्राला ते सापडत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्याने वहीच्या मालकाचा प्रश्न उभा राहतो, खात्याच्या स्वरूपाला धक्का लागत नाही.

म्हणून नव्याने लिहू लागणाऱ्याने परिचयाची चौकट तूर्त कोरीच ठेवावी. नाव पाळण्यातले घ्या की भावंडावरून, पण बदलू नका. आणि प्रत्येक लेखाची एक प्रत, युनिकोडमध्ये, तारखेसकट, घरच्या संगणकावर ठेवा, कागदावर छापून ठेवलीत तर आणखी बरे.