डोकं दुखतं म्हणजे काय दुखतं?

थर्मामीटर तापाची साक्ष देतो, प्लॅस्टर मोडक्या पायाची. डोकेदुखीची साक्ष मात्र ज्याचं डोकं त्यानंच द्यायची. त्यात तो कॉलेजचा विद्यार्थी असेल आणि परीक्षा आठवड्यावर आली असेल, तर साक्षीदार आधीच फितूर धरला जातो.

आमचा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा आली की त्याचं डोकं दुखतं. ताईच्या सासूबाईंचं निदान: 'नाटकं!' मेहुण्यांचं: 'मोबाइल!' ताईनं मुकाट्यानं बाम चोळला. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "झोपतोस किती? जेवतोस कधी? मन लागतं का रे?" तिसऱ्या प्रश्नाला पोरगा गप्प झाला आणि घर चपापलं.

गंमत म्हणजे मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाही. दुखतात ती त्याची आवरणं, रक्तवाहिन्या आणि डोक्यामानेचे स्नायू. जागरण, उपाशी पोट आणि ताण यांनी डोकं उठतं. डोकं उठलं की अभ्यास राहतो. अभ्यास राहिला की काळजी, आणि काळजीनं पुन्हा जागरण. आम्ही बँकेत याला चक्रवाढ म्हणतो. त्यात साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अशी काही महिने घेत राहिलं, तर गोळीच डोकं दुखवू लागते. म्हणजे कर्ज फेडायला कर्ज!

मग अशा दुखण्याचा पुरावा मागावा का? काउंटरवर मी सही जुळल्याशिवाय दमडी सोडत नाही, आणि ते योग्यच आहे. पण घर म्हणजे काउंटर नव्हे. खोट्या डोकेदुखीवर विश्वास ठेवला तर फार तर एक पेपर बुडेल. खरीवर ठेवला नाही, तर पोरगं पुढच्या वेळी सांगणारच नाही. 'मन लागत नाही' हा चेक घरात वटत नाही, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून बिचारी 'डोकं दुखतं'चा चेक लिहितात. आणि समजा, नाटकच असलं, तरी ते करायची पाळी का यावी?

१०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा फोनही आहे. पण घराला आदेश कोण देणार? तिथं विद्यार्थी एक आणि परीक्षक चार. त्यातल्या निदान एकानं तरी लाल पेन खाली ठेवून विचारावं, "कुठं दुखतंय रे बाळा?"