कुड्याचं पाळ उगाळण्याआधी

बसा. घरात जांभळं असतील तर एक घ्या, नाहीतर आवळ्याची फोड, तीही नसेल तर कच्च्या केळ्याचा लहानसा काप. चावा, पण गिळायची घाई नको. आंबट, गोड जे आधी येईल ते येऊन जाऊ द्या. त्याच्या मागून जे येतं त्याची वाट पाहायची आहे.

जीभ आता टाळूवर सहज सरकत नाही. गाल आतून आखडतात, दातांवरचा ओलसरपणा गेलेला असतो. तुरट फळातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरतात आणि त्यांच्या गुठळ्या करतात. लाळेचा बुळबुळीतपणा जातो, तोंडातली नाजूक त्वचा एकमेकीवर घासू लागते. आयुर्वेदाने हा तुरटपणा कषाय म्हणून सहा रसांत धरला. आजच्या शरीरशास्त्राचा कल त्याला चवीपेक्षा स्पर्श मानण्याकडे आहे. दोन्ही म्हणणी जिभेवर ठेवून पाहा. काहीतरी आवळलं जातंय, धरून ठेवलं जातंय, एवढं नक्की कळतं. ते ओसरेपर्यंत पुढे वाचू नका.

आता कुडा आठवा. वैशाख सरत आला की कोकणात रानाच्या कडेला, डोंगरउतारावर त्याचे पांढरे झुबके दिसू लागतात. मेघदूतातला यक्ष मेघाचं स्वागत करतो ते याच ताज्या फुलांनी. या फुलांची भाजी करतात, कोवळ्या शेंगांचीही करतात. पान तोडलं की पांढरा चीक येतो. शेंगा जोडीने लोंबतात, बारीक आणि वीतभराहून लांब. आणि हगवण लागली, आव पडली की कोकणातली घरं याच झाडाच्या मुळीकडे वळतात. कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, सहाणेवर ताकात उगाळायचं आणि चाटवायचं.

ते पाळ हातात आहे असं समजा. वाळलेलं, खडबडीत, फारसा वास नसलेलं. जिभेला लावलं तर पहिल्यांदा कडू लागतं, आणि ते कडू बराच वेळ जात नाही. तुरटपणा त्याच्या आडून येतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, कोणत्या कामाला कोणतं द्रव्य सर्वांत उत्तम, याची एक मोठी यादी आहे. कफ, पित्त आणि रक्त यांना आवरून धरण्यात, ओलावा शोषण्यात तिथे पहिला मान कुड्याच्या सालीला दिलेला आहे. म्हणून अतिसारात, आवेत आणि रक्ती मूळव्याधीतही वैद्य कुटज वापरत आले. कुटजारिष्ट आणि कुटजघन वटी आजही औषधांच्या दुकानात मिळतात.

ही ओढ गावापुरती राहिली नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथल्या वैद्यांकडून शिकत राहिला. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या त्याच्या ग्रंथात अतिसारावरच्या एका झाडाबद्दल संवाद आहे. ते झाड कुडाच असावं, असं पुढच्या जाणकारांनी मानलं. १८५८ मध्ये मुंबईत हेन्स या संशोधकाने सालीतलं अल्कलॉइड वेगळं काढलं. कोनेसीन हे त्याचं नाव. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुड्याच्या अल्कलॉइडांचा आवेवर अभ्यास केला. तेव्हा अमिबाच्या आवेवर एमेटीनची इंजेक्शनं देत, आणि ती हृदयाला झेपत नसत. कुडा ही खरी गरज होती.

इथे थोडं थांबा, कारण मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. आपण कुड्याला बांधून ठेवणारं, आवळणारं औषध म्हणून ओळखतो. पण अमिबावर त्याचं काम चालतं ते मुख्यतः त्या कडू अल्कलॉइडांच्या जोरावर. एकाच मुळीत दोन निरनिराळ्या शक्ती आहेत. एक आतड्याच्या सोललेल्या, स्रवणाऱ्या अस्तराला आवळते. दुसरी थेट जंतूवर जाते, आणि ती जंतूपाशीच थांबत नाही. शुद्ध कोनेसीन औषध म्हणून दिलं गेलं तेव्हा काही रुग्णांची झोप उडाली, हात थरथरले, चक्कर आली, मन अस्वस्थ आणि सैरभैर झालं. ते मेंदूतल्या हिस्टामिनच्या एका ग्राहीला अडवतं, हे आता माहीत आहे. उगाळलेल्या पाळात कोनेसीन त्या मानाने थोडं असतं. पण किती थोडं?

त्या प्रश्नाजवळच बसून राहा. सहाणेवर औषध वेढ्यांनी मोजतात. पाळ जुनं की नवं, सहाण खरखरीत की झिजलेली, उगाळणारा हात जड की हलका, यावर एका वेढ्यात काय उतरतं ते ठरतं. अनुभवी आजीचा हात हे सगळं न बोलता सांभाळत असे. तो हात घरात नसताना नुसतं पाळ उरलं असेल, तर मोजमाप उरलेलं नाही, हे मान्य करायला हवं. गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ते वैद्यांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर मी स्पष्टच सांगेन: घरच्या घरी देऊ नका.

आणि ते पाळ कुड्याचंच आहे का? आपल्या रानात काळा कुडाही वाढतो, रायटिया टिंक्टोरिया. चन्नपट्टणची रंगीत लाकडी खेळणी ज्याच्या लाकडाची होतात, तो. त्यालाही पांढरी फुलं, चीक, जोडशेंगा. मात्र त्याच्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्या कुड्याच्या सुट्या लोंबतात. औषधी कुडा म्हणजे होलॅऱ्हिना प्यूबेसेन्स. एकोणिसाव्या शतकात युरोपात या सालीचं नाव खराब झालं, त्याला काळ्या कुड्याची भेसळ हे एक कारण होतं. शेंगा झाडावर पाहता येतात. वाळलेल्या मुळीवर शेंग नसते. तेव्हा आणणाऱ्याची ओळख पटलेली हवी. तयार औषध घेत असाल तर वेष्टनावर वनस्पतीचं नाव आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक पाहून घ्या.

आता सगळ्यात अवघड भाग. डोळे मिटायचे असतील तर मिटा. रात्र आहे, तीन-चार वर्षांचं लेकरू पाचव्यांदा उठलंय, आईचं लक्ष फडताळातल्या पाळाकडे गेलंय. तिच्या मनात एकच आहे, हे थांबू दे. त्या इच्छेकडे प्रेमाने पाहा, तिला दोष देऊ नका. मग विचारा, नेमकं काय थांबवायचं आहे?

शरीर जे बाहेर टाकतंय त्यात कधी जंतू असतात, कधी त्यांचं विष. चरकाने अतिसारात आधी आम, म्हणजे पोटात न पचता राहिलेलं, पाहायला सांगितलं. आम आहे तोवर धरून ठेवणारं औषध देऊ नये, दिलं तर पोट फुगणं, ग्रहणी, सूज, पांडु, ज्वर असे विकार होतात, असा स्पष्ट इशारा त्याने दिला आहे. ज्या परंपरेने कुड्याला पहिला मान दिला, तिनेच त्याला केव्हा दूर ठेवायचं तेही सांगितलं. आजचे डॉक्टरही ताप आणि रक्तासह येणाऱ्या हगवणीत आतड्याची हालचाल रोखणारी औषधं टाळतात, लहान मुलांत तर नक्कीच.

आणि लेकराचा जीव धोक्यात येतो तो बहुतेक वेळा जुलाबाच्या संख्येमुळे नव्हे, अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांतून वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्या पाण्याने जुलाब थांबत नव्हते. जुलाब चालू असतानाच माणसं जगत होती.

यावर हवा तेवढा वेळ घ्या. मग उठून स्वयंपाकघरात जा आणि ओआरएसची पुडी आहे का पाहा. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चमचा, पुन्हा पुन्हा पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू करायचं. अंगावर पिणाऱ्याचं दूध बंद करायचं नाही. झिंकची गोळी डॉक्टर १० ते १४ दिवस देतात, ती जुलाब थांबले तरी पुरी करायची. डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, लघवी झालेली नाही, चिमटीत धरलेली पोटाची कातडी हळूहळू खाली बसते, मूल गुंगीत आहे, शौचात रक्त आहे, यातलं काहीही दिसलं तर पहाटेची वाट न पाहता निघायचं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याआधीच.

निघताना एका कागदावर लिहून घ्या: पहिला जुलाब केव्हा झाला, किती वेळा, रंग कसा, शेवटची लघवी कधी. पाळ दिलं असेल तर किती वेढे, कशात उगाळून आणि किती वाजता, तेही लिहा. उरलेला तुकडा पिशवीत टाका. रागावतील म्हणून लपवू नका. डॉक्टरांना पुढचं औषध ठरवताना ते माहीत असायला हवं.