म्हातारपणाचा पत्ता

चवथीला फोंड्याला गेलो होतो. दीड दिवसाचा गणपती पोचवून घरी आलो आणि मामाने कपाटातून एक जुनी फाइल काढली. तिच्यात त्याच्या जन्मनोंदीचा पोर्तुगीज भाषेतला दाखला होता. साल १९५८. "कायद्याने मी अजून त्यांचाच आहे," असं म्हणून तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाला. एक शीट करून दे. तिथे जाऊन राहायचं म्हटलं तर जमेल का, घर घ्यावं की नाही, सगळं मांडून दे."

मामा सदुसष्ट वर्षांचा, बँकेतून निवृत्त. मामी त्रेसष्टची, माहेर सावंतवाडीचं. एकुलती एक मुलगी ॲम्स्टरडॅमला नोकरीला. तिच्या शहरात राहणं यांना परवडणारं नाही; पण लिस्बन तिच्यापासून विमानाने तीन तासांवर आहे. पोर्तुगीज अमलात, म्हणजे १९ डिसेंबर १९६१च्या आधी, गोव्यात जन्मलेल्या माणसाला आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. असंख्य गोवेकरांनी ते घेतलं. त्यातले बरेच जण तो पासपोर्ट घेऊन इंग्लंडात कामाला गेले. ब्रेक्झिटनंतर ती वाट बंद झाली. मामाला नोकरी नको होती. त्याला म्हातारपण काढायला जागा हवी होती.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. माझ्या ऑफिसात पंचेचाळिशीत निवृत्त होऊन स्वस्त आणि सुंदर देशात जायच्या गप्पा रोज जेवणाच्या सुट्टीत होतात. त्यामुळे काम ओळखीचं वाटलं. तीन आठवडे रात्री बसून शीट केली.

त्या तीन आठवड्यांत खूप शिकलो. नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ओसीआय कार्ड मिळालं तरी मतदान नाही आणि नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे वाडवडिलांचं कुळागर राहील, पण शेजारचा तुकडा विकायला निघाला तर तो मामाला घेता येणार नाही. तिथे घर घ्यायचं तर आधी करनंबर काढावा लागतो. मग आपल्या साठेखतासारखा एक करार होतो. विसार दिल्यावर घेणाऱ्याने माघार घेतली तर विसार बुडतो, विकणाऱ्याने घेतली तर त्याने दुप्पट परत करायचा. कराच्या दप्तरातला उतारा आणि जमीन-नोंदणीचा उतारा हे दोन वेगळे कागद असतात आणि ते एकमेकांशी जुळतात का हे पाहावं लागतं. जुन्या घराचे वारस चार देशांत पांगलेले असतात, सगळ्यांच्या सह्या लागतात. हे मात्र मामाला समजावून सांगावं लागलं नाही. गोव्यातला वारसाहक्कही त्याच वळणाचा आहे. आमच्या आजोळच्या घराचा गुंता त्याने पंधरा वर्षं सोडवला आहे.

लिस्बनमधली घरं हाताबाहेर होती, म्हणून मी आतल्या भागाकडे वळलो. सेर्रा द एस्त्रेला डोंगराच्या पायथ्याशी कोविल्यां नावाचं गाव आहे. एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांचं, आता विद्यापीठाचं. आसपासच्या खेड्यांतली तरुण माणसं शहरात किंवा फ्रान्सला गेली, म्हणून दगडी घरं स्वस्त आहेत. मी हवा, खर्च, कर, सुरक्षितता, दवाखाना, भाषा, मुलीपासूनचं अंतर असे रकाने केले. प्रत्येकाला दहापैकी गुण, प्रत्येक रकान्याला वजन. फोंड्याला ६.१ आले, कोविल्यांला ७.४.

शीट स्क्रीनवर दाखवली तेव्हा मामा खूश झाला. मामीने चष्मा लावून सगळे रकाने वाचले आणि विचारलं, "तिथे कुणाच्या घरी मयत झालं तर शेजारी येतात का?"

"अगं, आताच कसलं मयताचं काढतेस?" मामा म्हणाला.

"आताचं नाही म्हणत. पण दोघांतलं एक आधी जाणार ना? मागे राहील त्याच्यासाठी विचारतेय."

माझ्याकडे तो रकाना नव्हता.

पुण्याला परतताना बसमध्ये मी लॅपटॉप उघडला आणि दुसरीच गोष्ट दिसली. दवाखान्याच्या रकान्याला मी फक्त १० टक्के वजन दिलं होतं. सत्तरीकडे चाललेल्या जोडप्यासाठी. पोर्तुगालची सरकारी आरोग्यसेवा १९७९पासूनची आहे, तिचं नाव चांगलं आहे. पण एक कोटीच्या थोड्या वर लोकसंख्येत पंधरा लाखांहून अधिक माणसांना नेमून दिलेला फॅमिली डॉक्टरच नाही, हे मी वाचलं होतं. वाचूनही वजन १० ठेवलं. भाषेला ५. अंतराला मात्र ३०.

हे कसं झालं? उत्तर लाजिरवाणं आहे. गेल्या दोन वर्षांत मामाच्या हृदयाच्या तपासण्या आणि मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिळून पाच वेळा मी पुण्याहून रात्रीच्या बसने गेलो. मुलगी लांब, भाचा जवळ. ते दोघं मुलीपासून तीन तासांवर गेले तर तो फोन मला येणार नव्हता. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. प्रत्येक आकडा खरा होता. फक्त वजनं माझ्या सोयीची होती. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो की इनपुट चुकलं तर आउटपुट चुकतं. इथे इनपुट बरोबर होतं, नियत चुकली होती.

इथून पुढे मला प्रश्न वेगळा दिसू लागला. डेरेक पार्फिट या तत्त्वज्ञाने 'रीझन्स अँड पर्सन्स' या १९८४च्या पुस्तकात असा विचार मांडला की दूरच्या भविष्यातला 'मी' हा आजच्या माझ्याशी इतका सैलसर जोडलेला असू शकतो, की त्याच्याशी वागताना दुसऱ्या माणसाशी वागण्याचे नियम लावावेत. दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढू नये, तसं म्हाताऱ्या स्वतःच्या नावावरही काढू नये. एल. ए. पॉल यांनी २०१४च्या 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्सपीरियन्स'मध्ये म्हटलं की काही निर्णय आपल्यालाच बदलून टाकतात. त्यानंतर काय आवडेल हे आधी कळायला मार्गच नसतो. परक्या देशातलं म्हातारपण या दोन्हीत बसतं. मामा सदुसष्टाव्या वर्षी ठरवणार, आणि बर्फाच्या दिवसांत दगडी उतारावरून काठी टेकत औषध आणायला जाणार ती ऐंशीची मामी. ती सावंतवाडीत जन्मलेली, म्हणजे तिचा स्वतःचा असा हक्क नाही. तिला तिथे राहायला मिळणार ते मामाची बायको म्हणून. ठरवणारा एक आणि सोसणारी दुसरी, असा हा व्यवहार होता. तो घरातल्या घरात असल्यामुळे आम्हाला व्यवहार वाटला नाही, इतकंच.

पुढच्या खेपेला हे मी मामाला सांगितलं, माझ्या वजनांसकट. तो रागावला नाही. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग माणसाने कुठे जाऊच नये का?"

जावं, नक्कीच. गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जातच आली आहेत. पण याच मामाने मला आसगाव आणि शिवोलीतली बंद घरं दाखवली आहेत. वर्षातले दहा महिने कुलूप, बाहेर सीसीटीव्ही, आत निळा पूल. "दिल्लीवाल्यांनी घेतली. आता गावातल्या पोराला लग्न केलं तरी खोली परवडत नाही," असं तो म्हणायचा. मी त्याला विचारलं, "तिथे आपण दिल्लीवालेच नाही का होणार?"

तो लगेच म्हणाला, "साडेचारशे वर्षं ते इथे राहिले. आम्हाला विचारून आले होते?"

"फोंड्यात दोनशेच," मी म्हटलं. फोंडा नव्या काबिजादीतला. मामी हसली, मामाही हसला, पण मुद्दा राहिलाच. साम्राज्याचं देणं कोविल्यांच्या एखाद्या विधवेच्या घरभाड्यातून वसूल होत नाही. तिने गोवा घेतला नव्हता.

आणि पोर्तुगालला या प्रश्नाची झळ लागून गेली आहे. २००९पासून तिथे नव्याने येणाऱ्यांना कराची मोठी सवलत होती. परदेशी पेन्शनवर बराच काळ करच नव्हता, २०२०पासून तो १० टक्के झाला. फिनलंडचे निवृत्त लोक तिकडे जाऊन बिनकराची पेन्शन घेऊ लागले, तेव्हा फिनलंडने पोर्तुगालबरोबरचा करारच मोडला, नंतर स्वीडननेही मोडला. २०१२पासून घर घेणाऱ्या श्रीमंत परदेशी माणसाला 'गोल्डन व्हिसा' मिळे; घरांच्या किमतींवरून ओरड झाल्यावर २०२३मध्ये त्यातला घरखरेदीचा मार्ग बंद केला. त्याच वर्षी घरांसाठी तिथल्या अनेक शहरांत मोर्चे निघाले. माझ्या शीटमध्ये यातल्या सवलती 'कर' या रकान्यात होत्या. त्या सवलतीची किंमत कोण भरतं याला रकाना नव्हता.

अर्थात ओस पडलेल्या खेड्यात म्हातारं जोडपं गेलं तर कुणाचं घर हिरावलं जात नाही. उलट एक दिवा जास्त लागेल. मामाचं हे म्हणणं मला पटतं. पण ज्या गावात तरुण उरले नाहीत तिथे आणखी दोन म्हातारे जाऊन कुणाच्या आधाराने राहणार? तीच दोन-चार धडधाकट माणसं, तीच नर्स, तीच एक रुग्णवाहिका. आपण तिथे फक्त आपलं म्हातारपण घेऊन जाणार.

लिस्बनमध्ये हिंदूंची मोठी वस्ती आहे, देऊळ आहे. त्यातले बरेच मूळ गुजराती आणि दीवचे, १९७५मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्याच्या सुमाराला तिथून आलेले. त्यांनी दुकानं थाटली, मुलं तिथल्या शाळेत घातली, आता तिथेच म्हातारे झालेत. ते आधी उमेदीची वर्षं घेऊन गेले, म्हातारपण मागाहून आलं. फोंड्याच्या देवळांचंही तसंच. सोळाव्या शतकात मंगेशी कुठ्ठाळीहून आली, शांतादुर्गा केळशीहून. देवांना पत्ता बदलावा लागला. पण त्यांच्याबरोबर उत्सव आले, वाजंत्री आली, कामं आली. आज त्यांना बाहेरचं कुणी म्हणत नाही.

मामीच्या प्रश्नाचा अर्थ मला इथे लागला. मयताला शेजारी येतात ते त्या दिवशी ठरत नाही. आधीच्या वीस-तीस वर्षांत तुम्ही किती जणांच्या दारात गेलात, कुणाच्या पोराला कर्जाचा फॉर्म भरून दिलात, कुणाच्या बाळंतिणीला डबा पोचवलात, यावर ते ठरतं. मामाने फोंड्यात हे केलं आहे. घराबरोबर ही जमा विकत मिळत नाही, आणि इथली तिकडे नेताही येत नाही. म्हणून घर घेण्याआधी 'ते गाव मला काय देईल' याचा शोध कितीही नेटाने केला तरी अर्धाच राहतो. माझ्याकडे द्यायला अजून काय शिल्लक आहे आणि ते द्यायला किती वर्षं आहेत, हेही विचारायला हवं. ज्याच्याकडे दहा चालती-फिरती वर्षं आहेत आणि ती तिथे खर्च करायची तयारी आहे, त्याने खुशाल जावं.

सध्या ठरलंय ते असं. घर घ्यायचं नाही. नागरिकत्वाचा अर्ज करायचा नाही. पुढच्या हिवाळ्यात, पर्यटकांच्या उन्हाळ्यात नव्हे, दोघांनी साध्या व्हिसावर दोन-अडीच महिने कोविल्यांला भाड्याने राहायचं. मामी पोर्तुगीज शिकायला लागली आहे. मामापेक्षा तिचे उच्चार बरे आहेत. मयताबद्दल कुणाला विचारायचं झालं तर आपल्याला विचारता आलं पाहिजे, असं ती म्हणते.

शीटमधली वजनं मी काढून टाकली. रकाने आहेत, बेरीज नाही. पुढच्या महिन्यात मामाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. रात्रीच्या बसचं तिकीट काढलंय.