कोरे टायर

एक होता तमाशाचा फडमालक. त्याच्याकडे एक जुनी बस होती. बस म्हणजे फडाचं घरच. पुढे बाकडी, मागे पेट्या, पडदे, ढोलकी, स्टोव्ह, पाण्याचं पिंप, आणि वगातल्या राजाचं लोखंडी सिंहासन. दसऱ्याला फड निघायचा, तो अक्षय तृतीया उलटून गेल्यावर परतायचा. तेवढे महिने माणसं त्या बसमध्येच जेवायची, तिथंच झोपायची. पावसाळाभर मात्र बस नारायणगावजवळच्या माळावर उभी असायची.

एका वर्षी दसरा तोंडावर आला आणि टायरांचा पार गोटा झालेला. पुढचे दोन, मागे जोडचाकांचे चार, असे सहा टायर हवे होते. पुणे-नाशिक रस्त्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं टायरचं दुकान होतं. त्यानं भाव सांगितला. मालकाच्या कपाळाला आठी पडली.

बाजारात एक व्यापारी भेटला. म्हणाला, "माझ्याकडे सहा कोरे टायर आहेत. एकानं गाडीसाठी घेतले, गाडीच विकली. एकदाही रस्त्याला लागले नाहीत. अर्ध्या किमतीत न्या."

मालकानं टायर पाहिले. काळेभोर, चकचकीत. नक्षीत बोट घातलं, तर खोलवर गेलं. त्यानं पैसे मोजले.

मिस्त्रीनं विचारलं, "मालक, बनले कधी ते पाहिलंत का?"

"कोरे आहेत. कधी बनले त्याचं काय?"

"बाजूवर चार आकडे असतात. बघून घ्या."

मालकानं व्यापाऱ्याला विचारलं. तो हसून म्हणाला, "सगळ्या टायरांवर नसतात हो ते." टायर त्यानंच बसवून दिले. बाहेरच्या बाजूला खरंच आकडे नव्हते.

हिवाळा छान गेला. मालक मिस्त्रीच्या दुकानासमोरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवायचा.

चैत्र आला. गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या. सुपाऱ्या वाढल्या, दोन नवे कलावंत आले, त्यांच्या पेट्याही आल्या. एके दिवशी भर दुपारी, लांबचा पल्ला मारून बस थांबली. क्लीनरनं चाकांतली हवा मोजली, ती जास्त भरली. त्यानं थोडी थोडी सोडून दिली. आतल्या चाकापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून ते दांडक्यानं ठोकून पाहिलं आणि ठीक आहे म्हणाला.

तासाभरानं घाट उतरताना मोठा आवाज झाला. मागच्या जोडीतला आतला टायर फुटला. दोघांचं ओझं बाहेरच्या एकट्यावर आलं. थोडं पुढे जाऊन तोही गेला. बस एका अंगाला कलली. ड्रायव्हर हुशार म्हणून ती रस्त्यावर राहिली. कुणाला इजा झाली नाही, पण फड रात्री जत्रेत पोचला नाही. गावानं दुसरा फड उभा केला. सुपारीचे पैसे परत द्यावे लागले.

बस कशीबशी मिस्त्रीच्या दारात आली. मिस्त्री एक शब्द बोलला नाही. त्यानं उरलेला एक टायर उतरवला आणि उलटा केला. आतल्या बाजूला लहानशा चौकटीत आकडे होते : 3108.

"2008 सालचा एकतिसावा आठवडा. तुम्ही घेतला तेव्हाच हा बराच जुना होता."

मग त्यानं ओलं फडकं घेऊन टायरची बाजू घासली. काळी चकाकी फडक्यावर आली. खाली बारीक भेगा दिसल्या.

मालक म्हणाला, "पण मिस्त्री, वापरलेच नव्हते हो!"

"मालक, पावसाळ्यात तुमचा ढोलकीवाला ढोलकी खुंटीला टांगून ठेवतो का?"

"छे! रोज बसतो वाजवत. नाहीतर दसऱ्याला ती बोलेल का?"

मिस्त्री नुसता हसला. मग सांगू लागला. टायरच्या रबरात एक प्रकारचं मेण मिसळलेलं असतं. चाक फिरतं, रबर दबतं, तेव्हा ते मेण वर येतं आणि रबराला राखतं. टायर पडून राहिला की ते नीट वर येत नाही. मग ऊन आणि हवा रबर खात बसतात. नक्षी जशीच्या तशी राहते, रबर म्हातारं होतं.

"आणि ठोकून कळतो तो ढोलकीचा सूर," तो क्लीनरला म्हणाला. "हवा मीटरनंच मोजायची. सकाळी, गाडी हलायच्या आधी. चालून तापलेल्या टायरात हवा जास्तच दिसणार. ती सोडलीस की गार झाल्यावर कमी पडते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो."

मालकानं नवे टायर मागितले. मिस्त्री म्हणाला, "आधी वजनकाट्यावर जा. सगळी माणसं, पेट्या, पिंप भरलेलं. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी तोला."

काट्यावर कळलं की मागच्या चाकांवर भार फार आहे. मिस्त्रीनं टायरवरचा आकडा दाखवला, 146/143. "एकटा असला तर हा 3000 किलो पेलतो. जोडीत 2725. जोडीतल्याला थोडं कमीच धरायचं." काय काढायचं यावर बराच वेळ वाद झाला. ढोलकीवाला ढोलकी सोडीना, बायका पेट्या सोडीनात. शेवटी सिंहासन उतरलं. राजा तेव्हापासून प्लायवूडच्या खुर्चीवर बसला, आणि राज्याचं काही बिघडलं नाही.

आता मालक शिकला. आतल्या चाकांना त्यानं लांब नळीचे वॉल्व्ह लावून घेतले. नवं चाक बसवलं की पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळायला लावायचा. पावसाळ्यात बस फळ्यांवर उभी राहायची, चाकांवर तरटं असायची, आणि थोड्या थोड्या दिवसांनी ड्रायव्हर तिला जुन्नरपर्यंत फिरवून आणायचा. पाच वर्षं झाल्यावर मिस्त्री दरसाल टायर उतरवून आतून-बाहेरून पाहू लागला. नवव्या वर्षी तो म्हणाला, "दहाच्या पुढे मी कुणाला जाऊ देत नाही. यांना तर आताच भेगा आल्यात. काढा."

नक्षी अजून निम्मी शिल्लक होती. मालकाचा जीव तुटला, पण त्यानं टायर बदलले.

जुने सहा टायर दुकानाबाहेर पडले होते. तिथं दुसऱ्या एका फडाचा तरुण मालक आला. त्यानं नक्षीत बोट घातलं. म्हणाला, "दादा, हे मला द्या. भंगारवाल्यापेक्षा चौपट देतो."

चौपट म्हणजे बरीच रक्कम होती. मालक थोडा वेळ टायरांकडे बघत राहिला. मग त्यानं मिस्त्रीकडून करवत मागून घेतली आणि पहिल्या टायरच्या बाजूवर चालवायला सुरुवात केली.

"अरे दादा! द्यायचे नसतील तर देऊ नका, कापता कशाला?"

"नक्षी बघून भुलू नकोस," मालक म्हणाला. "वय बघ. मीही एकदा कोरे म्हणून म्हातारे टायर घेतले होते."

"पण कापायचं काय कारण?"

मालकानं घाम पुसला. "हे असेच ठेवले, तर बाजारातला व्यापारी उचलून नेईल. काळं फासेल. आणि पुढच्या दसऱ्याला तूच त्याच्याकडून विकत घेशील. धर तो दुसरा."