संशयाचा रकाना

महानुभाव पंथाच्या स्थानपोथीत चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, ती गावे आणि देवळे नोंदली आहेत. देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, ते गावाच्या कोणत्या अंगाला, त्याच्या शेजारी आणखी कोणते देऊळ, हे ती बारकाईने सांगते. स्वामींचा स्पर्श झालेली जागा भक्ताला सापडावी आणि तिला नमस्कार करता यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. मराठीच्या एम.ए.च्या वर्गाने संगणकावर नकाशा करायला घ्यावा, असा याहून चांगला ग्रंथ मला सुचत नाही.

स्वामींच्या लीळा सांगणारे लीळाचरित्र वाचताना गावाचे नाव आले की आपण पुढे सरकतो. पैठण, वेरूळ, रिद्धपूर ओळखीची. बाकीची नावे कथेच्या ओघात निघून जातात. क्यूजीआयएससारखी नकाशे करण्याची फुकट मिळणारी प्रणाली मात्र अक्षांश-रेखांश मागते. एकाच नावाची गावे तर आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. मग यातले कोणते? आधीचा मुक्काम कुठे होता, वाटेत नदी कोणती, पायी दिवसभरात किती मजल होईल? विद्यार्थी पोथीकडे परततो आणि या खेपेला एकही दिशा, एकही क्रियापद सोडत नाही. नकाशाने साहित्याच्या अभ्यासाला दिलेली खरी देणगी मी हीच मानतो.

धोकाही तिथेच आहे. पैठणचा ठिपका आणि निव्वळ तर्काने ठेवलेला ठिपका पडद्यावर सारखेच दिसतात. ग्रीक-रोमन जगाच्या अभ्यासकांनी यावर विचार केला आहे. २००० साली निघालेल्या बॅरिंग्टन अ‍ॅटलासच्या पायावर उभ्या राहिलेल्या ‘प्लेयाडीस’ या स्थळकोशात स्थळाची नोंद वेगळी आणि त्याच्या जागेची वेगळी असते. ग्रंथात नाव आहे पण जागा सापडलेली नाही, अशा गावालाही तिथे मानाने राहता येते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘ऑर्बिस’ने २०१२ मध्ये रोमन साम्राज्यातली अंतरे प्रवासाचा वेळ आणि खर्च यांत मोजली, तीही ऋतूनुसार. भर पावसाळ्यातली गोदावरी आणि चैत्रातली गोदावरी ओलांडणे ही दोन वेगळी अंतरे आहेत, हे पायी हिंडणाऱ्या स्वामींच्या चरित्राला किती लागू पडते!

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. जायकवाडीच्या नाथसागराने गोदाकाठची कित्येक गावे उठवली. गावाचे नाव माणसांबरोबर नव्या वसाहतीत गेले, जुनी पांढरी पाण्याखाली राहिली. उपग्रहाच्या चित्रावर नाव शोधून ठिपका ठेवणारा तिथे हमखास चुकेल. त्यासाठी धरणापूर्वीचे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे काढावे लागतील, पुनर्वसित गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलावे लागेल, पंथातल्या महंतांना विचारावे लागेल. लीळाचरित्रकार म्हाइंभटांनीही लीळा अशाच गोळा केल्या होत्या, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन.

असे काम एका सत्रात उरकत नाही, आणि केवळ संगणककक्ष उघडूनही होत नाही. मोडीचे, हस्तलिखितांचे जाणकार आणि भूगोलाचे शिक्षक एका टेबलाशी बसवावे लागतील. माझा आग्रह एका गोष्टीचा आहे. प्रत्येक ठिपक्यापुढे एक रकाना असावा: ही जागा कशावरून ठरवली, खात्री किती, दुसरे मत कोणाचे. परीक्षकाने नकाशाच्या रंगसंगतीकडे नंतर पाहावे. आधी तो रकाना वाचावा आणि निम्मे गुण तिथेच द्यावेत. ‘जागा अनिश्चित’ असे सकारण लिहिणाऱ्याला तर पुरेपूर.