मत्स्यपेटीतील मृत्यू आणि पाळणाऱ्याचा धर्म

हल्ली पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यात काचेची मत्स्यपेटी दिसते. तीत निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र नांदत असतात. मुलांच्या हौसेखातर गृहस्थ बाजारातून आणखी चार-पाच लहान मासे आणतो, पेटीत सोडतो, आणि दोन-तीन दिवसांत ते एकेक करून पाण्यावर तरंगू लागतात. अशा वेळी घरातील वडील माणसे बहुधा म्हणतात, "त्यांचे आयुष्यच तेवढे होते." या उत्तराने मुलांचे सांत्वन होत असेल, परंतु ते सत्य आहे काय? त्या जिवांचे प्रारब्ध पुढे करण्यापूर्वी आपले कर्म तपासून पाहणे हे विचारी गृहस्थाचे कर्तव्य नव्हे काय?

प्रथम मृत्यूचे कारण पाहू. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया नावाचे विषारी द्रव्य पाण्यात टाकीत असतो. उरलेले अन्न कुजूनही तेच निर्माण होते. नदीच्या विशाल प्रवाहात ते विरून जाते, पेटीत ते साठते. ईश्वराच्या सृष्टीत याचीही योजना आहे. डोळ्यांना न दिसणारे काही सूक्ष्म जंतू दगडगोट्यांवर व गाळणीत वस्ती करून अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. परंतु ही वस्ती वाढण्यास साधारणपणे 4 ते 6 आठवडे लागतात. जो गृहस्थ आज पेटी विकत घेतो व उद्या ती माशांनी भरतो, तो त्यांना विषातच सोडीत असतो. नायट्राइट तर माशाच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्तीच हिरावून घेते. मग हवेचे बुडबुडे सुटत असतानाही मासा गुदमरून मरतो.

कित्येकांच्या हातून हे स्वच्छतेच्या अभिमानाने घडते. पाहुणे येणार म्हणून पेटी रिकामी करावयाची, गोटे व गाळणीचा स्पंज नळाखाली खळखळून धुवावयाचा, आणि चकचकीत पेटीत नवे मासे सोडावयाचे! नळाच्या पाण्यातील क्लोरिनने ते उपकारक जंतू मरतात आणि माशांचे नाजूक कल्लेही पोळतात. डोळ्यांना निर्मळ दिसणारे पाणी जिवाला निर्मळ असतेच असे नाही.

येथे कोणी शंका घेईल, "पाणी वाईट असते तर जुने मासे कसे जगले?" या तर्कात मोठा दोष आहे. जुन्या पेटीचे पाणी महिनोन्‌महिने हळूहळू बिघडत जाते आणि तेथील रहिवासी त्या बिघाडाला तितक्याच हळूहळू सरावतात. नवागत मात्र दुसऱ्या पाण्यातून, दुसऱ्या उष्णतेतून, प्रवासाने थकून एका क्षणात तेथे येऊन पडतो. जुन्यांचे जगणे हा त्यांच्या सवयीचा पुरावा आहे, पाण्याच्या शुद्धतेचा नव्हे. घरात नव्याने आलेल्या सुनेला "आम्हाला कधी काही जड गेले नाही" असे ऐकवणाऱ्यांनीही हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

दुसरे कारण सहवासाचे. निऑन टेट्रा हा अमेझॉनच्या खोऱ्यातील जेमतेम दीड इंचाचा मासा. तो थव्याने राहणारा; एकटा-दुकटा ठेवला तर भयानेच खंगतो. एंजल हाही त्याच खोऱ्यातील. परंतु तो वाढला म्हणजे तळहाताएवढा होतो आणि तोंडात मावेल तो लहान मासा गिळतो. राजा व दंड नसता बलवानाने दुर्बळास गिळावे, या स्थितीला आपल्या शास्त्रकारांनी मात्स्यन्याय असे नाव दिले. नदीत हा न्याय चालतो, पण तेथे लहानाला पळावयास वाट असते, लपावयास शेवाळ असते. दोन फूट लांबीच्या पेटीत यांतले काहीच आपोआप नसते. तेथे कोण कोणाशेजारी राहील हे निसर्ग ठरवीत नाही, पेटीचा धनी ठरवितो. म्हणून नदीतील मात्स्यन्यायाला कर्ता नाही. पेटीतील मात्स्यन्यायाला कर्ता आहे, आणि तो आपणच!

या संदर्भात शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा मोठी मार्मिक आहे. मनूच्या हातात आलेल्या इवल्याशा माशाने मोठ्या माशांपासून रक्षण मागितले. मनूने त्याला घटात ठेवले. घट पुरेना तेव्हा खड्डा खणून त्यात ठेवले. आणि तोही पुरेना तेव्हा समुद्रात नेऊन सोडले. आश्रिताच्या वाढीबरोबर आश्रयही वाढविला पाहिजे, हे मनूने ओळखले होते. लहान असताना आणलेला गोल्डफिश वाढत जातो, आणि त्याची पेटी मात्र आपण तेवढीच ठेवतो.

"माझ्या मनात हिंसा नव्हती, मग मला दोष कसा?" असाही प्रश्न निघेल. हेतूला महत्त्व आहे यात संशय नाही. परंतु गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचे जे विवेचन आहे, त्यात भर क्रौर्यावर नसून अविचारावर आहे, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. फलाची आसक्ती सोडणे म्हणजे परिणामाचा विचार सोडणे नव्हे. जे जाणणे शक्य होते ते आळसाने जाणले नाही, तर ते अज्ञान राहत नाही. त्याला प्रमाद म्हणतात.

मग कर्तव्य काय? पेटी प्रथम परिपक्व होऊ द्यावी आणि मासे थोडे थोडे वाढवावेत. कोणाशी कोणाचे जमते, हे आणण्यापूर्वी विचारावे. नव्या माशाची पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हींकडील उष्णता समान होते. मात्र पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. शक्य तर नवागताला दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावे, म्हणजे रोग पसरत नाही. नळाचे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवले असता साधे क्लोरिन उडून जाते. दर आठवड्यास पाण्याचा काही भागच बदलावा, आणि गाळणी पेटीतून काढलेल्या पाण्यातच विसळावी. अन्न दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. दयेपोटी घातलेला जास्तीचा घास पाण्यात कुजून विष होतो. लहानांसाठी वनस्पतींचा आडोसा ठेवावा. यांतले काहीही फार खर्चाचे नाही. धीर मात्र लागतो.

आणि हा धीर ज्याच्यापाशी नसेल, त्याने पेटी आणू नये. न आणणे हाही धर्मच आहे. आपल्या भाषेत व्रत पाळतात, वचन पाळतात आणि मासेही पाळतात. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. व्रत मोडले तर आपण प्रायश्चित्त शोधतो, वचन मोडले तर लाजतो. मग आपल्या आश्रयाला आणलेला मुका जीव दोन दिवसांत मेला, तर त्याच्या आयुष्याची दोरी आखूड होती असे म्हणून मोकळे होता येणार नाही. पुढच्या वेळी मुलाने "मासा का मेला?" असे विचारले, तर त्याला खरे कारण सांगावे आणि त्याच्या हातात पाणी बदलण्याचे भांडे द्यावे. दयेचा संस्कार उपदेशापेक्षा अशा कामातून अधिक खोल रुजतो.