संशयाचा फायदा कुणाला?

आपल्या मराठी मंडळींच्या गप्पा खाण्यापिण्यावर आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इथल्या चिकनमध्ये हॉर्मोन असतात, म्हणून मुली लवकर मोठ्या होतात." व्हिटबीत ऐका नाहीतर मिसिसागात, शब्द तेच. बोलणारी बहुधा आई असते आणि तिच्या घरात आठ-नऊ वर्षांची मुलगी असते, त्यामुळे हे हसण्यावारी नेता येत नाही. मात्र हे विधान खरं आहे का, हा एक प्रश्न. आणि ते खरं नसलं तरी त्यामागची काळजी योग्य आहे का, हा दुसरा. आपण या दोन्हींची गल्लत करतो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कॅनडात कोंबड्यांना वाढीचे हॉर्मोन द्यायला १९६० च्या दशकापासून मनाई आहे. डुकरांना आणि दूधवाढीसाठी गायींनाही ते देता येत नाहीत. परवानगी आहे ती फक्त बीफसाठी वाढवलेल्या गुरांना. त्यात तीन नैसर्गिक हॉर्मोन आहेत, इस्ट्राडायोल, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन. आणि तीन कृत्रिम. बहुतेक वेळा त्यांची बारीक गोळी जनावराच्या कानाच्या कातडीखाली बसवतात. गंमत अशी, की आपल्यातल्या पुष्कळ घरांत बीफ शिजतच नाही. म्हणजे ज्या मांसात हॉर्मोन असू शकतात ते आपण आणत नाही आणि ज्यात दिलेले नाहीत त्याला घाबरतो. (मुलं हॉकीचा सराव संपल्यावर काय खातात, ही गोष्ट वेगळी!)

मग कोंबडी एवढी मोठी कशी? याचं उत्तर अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिलं. १९५७, १९७८ आणि २००५ सालचे कोंबड्यांचे वाण त्यांनी एकत्र, एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवले. ५६ दिवसांनी १९५७ च्या वाणाचं वजन भरलं सुमारे ९०० ग्रॅम आणि २००५ च्या वाणाचं सुमारे ४,२०० ग्रॅम. हॉर्मोनचा थेंबही नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसाने त्या पक्ष्याचं शरीरच असं घडवलं, की ते थांबायचं विसरलं. वजन इतक्या झपाट्याने वाढतं की पुष्कळदा पाय आणि हृदय त्याला पुरे पडत नाहीत. पाकिटावर 'हॉर्मोनविरहित' लिहिलं, ते खरंही असलं, तरी या गोष्टीचा उल्लेख त्यावर कुठेच येत नाही.

मुलींच्या वयात येण्याबद्दलही थोडं मागे जाऊन पाहायला हवं. १९ व्या शतकाच्या मध्यात उत्तर युरोपातल्या मुलींना पहिली पाळी साधारण सोळाव्या-सतराव्या वर्षी येई. २० व्या शतकाच्या मध्यापर्यंत ते वय तेराच्या आसपास आलं. गुरांना हॉर्मोन देण्याचा सरसकट धंदा सुरू झाला तो १९५० च्या दशकात. म्हणजे ही घसरण बरीचशी त्याआधीची आहे. पोटभर अन्न आणि कमी झालेले संसर्गजन्य रोग ही त्याची मोठी कारणं. आज त्यात लहानपणच्या वाढत्या वजनाची भर पडली आहे. आठ वर्षांच्या आत मुलीत वयात येण्याची लक्षणं दिसली तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं; चिकन बंद करून वाट पाहत बसू नये.

इथवर वाचून कुणी म्हणेल, "म्हणजे भीती खुळचट." तसं मला अजिबात वाटत नाही. डीईएस नावाच्या कृत्रिम इस्ट्रोजेनची हकीकत आठवा. गर्भपात टळावा म्हणून ते अनेक वर्षं गरोदर स्त्रियांना दिलं गेलं. १९७१ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की अशा स्त्रियांच्या मुलींना तरुणपणीच योनिमार्गाचा एक अतिशय दुर्मिळ कर्करोग होतो आहे. औषध आईने घेतलं, फळं लेकीने भोगली. हेच रसायन गुरांनाही देत. अमेरिकेत ते बंद व्हायला १९७९ साल उजाडलं. पुढच्याच वर्षी इटलीत वासराच्या मांसापासून केलेल्या बाळांच्या खाण्यात ते सापडलं आणि युरोपभर गदारोळ झाला. तेव्हा "सगळं सुरक्षित आहे" या आश्वासनावर आईने चटकन विश्वास ठेवू नये, याला इतिहासाचा आधार आहे.

खरा नैतिक प्रश्न इथे सुरू होतो. कोर्टात पुरावा अपुरा पडला तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. अन्नाच्या बाबतीत तो कुणाला मिळावा? रसायनाला, की खाणाऱ्याला? युरोपने तो खाणाऱ्याला दिला आणि १९८९ पासून हॉर्मोन दिलेल्या गुरांचं मांस घेणं थांबवलं. कॅनडा आणि अमेरिका जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. शास्त्रीय आधार पुरेसा नाही, असा निकाल १९९८ साली युरोपविरुद्ध लागला. तरी युरोपने बंदी उठवली नाही, उलट दंडादाखल लागलेलं आयातशुल्क सोसलं. आजही कॅनडातून युरोपला जाणारं बीफ हॉर्मोनविरहितच लागतं. घरच्या ग्राहकासाठी मात्र तशी अट नाही.

कॅनडातही हा झगडा झाला आणि त्यात पंजाबात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचं नाव आहे: डॉ. शिव चोप्रा. ते हेल्थ कॅनडात पशुऔषधांची तपासणी करत. गायींचं दूध वाढवणाऱ्या आरबीएसटी या हॉर्मोनला मंजुरी देण्यासाठी आमच्यावर दबाव येतो आहे, असं त्यांनी आणि मार्गारेट हेडन, जेरार्ड लँबर्ट यांच्यासह काही सहकाऱ्यांनी १९९८ साली सिनेटच्या समितीपुढे सांगितलं. जानेवारी १९९९ मध्ये मंजुरी नाकारली गेली. २००४ साली या तिघांनाही कामावरून काढलं. सरकारने कारण दिलं अवज्ञेचं. त्यांचं म्हणणं, ही खरं बोलल्याची शिक्षा. चोप्रांना ती नोकरी परत मिळाली नाही. २०१८ साली ते गेले. कोर्टकचेऱ्यांत कुणाचं म्हणणं टिकलं हा भाग बाजूला ठेवू. आपण इथे आरबीएसटीशिवायचं कॅनेडियन दूध निर्धास्तपणे चहात घालतो, त्यामागे कुणीतरी साहेबाला "नाही" म्हणाल्याची किंमत आहे, एवढं तरी ध्यानात राहावं.

या निर्णयातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. दूध पिणाऱ्या माणसाला मोठा धोका असल्याचं कारण देऊन मंजुरी नाकारलेली नाही. कारण दिलं ते गायीचं: कासेला सूज, लंगडेपणा, गाभण राहण्यात अडचण. म्हणजे इथे संशयाचा फायदा एका मुक्या जनावराला मिळाला आणि त्यात आपलंही भलं झालं.

खाण्याबद्दल आपण एकच प्रश्न विचारायला शिकलो आहोत: "हे खाऊन मला काय होईल?" तो रास्त आहे, पण अपुरा आहे. माझ्या पानात येईपर्यंत त्या जिवाचं काय झालं, ते वाढवणाऱ्या शेतकऱ्याचं काय झालं, हेही विचारायला हवं. व्हिटबीच्या उत्तरेला ब्रुकलिन ओलांडलं की शेतं लागतात. आपल्यातले कितीजण कधी तिथे थांबून "तुम्ही जनावरांना काय खायला देता?" असं विचारतात? गावाकडे दूध घालणाऱ्या गवळ्याला हा प्रश्न आपली आजी रोज विचारायची आणि दुधात बोट बुडवून पाहायची. तिला प्रयोगशाळेचा अहवाल लागत नव्हता, कारण गवळी तिच्या ओळखीचा होता. आपण ओळख गमावली आणि तिच्या जागी लेबल आलं. लेबलवर विश्वास बसत नाही, म्हणून अफवा आली.

महाग लेबल सगळ्यांना परवडत नाही, हेही खरं. नव्याने आलेल्या, बेसमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या जोडप्याला दुप्पट भावाचं ऑरगॅनिक मांस घ्या म्हणून उपदेश करणं हा निव्वळ शहाणपणा मिरवणं आहे. त्यांना उपयोगी पडेल असा मार्ग आपल्या घरात आधीपासून आहे: मांस रविवारी, एरवी मटकी, मूग, वरण, भाकरी. ज्यूसची खोकी आणि चिप्सची पाकिटं कमी, बाहेरचं खेळणं जास्त. मुलींच्या वाढीच्या काळजीवर चिकन टाळण्यापेक्षा याचा उपयोग नक्कीच अधिक होईल.

तेव्हा गप्पांत ते वाक्य पुन्हा आलं, तर "छे, काहीतरीच!" म्हणून त्या आईला गप्प करू नये. तिची काळजी योग्य आहे, पत्ता तेवढा चुकला आहे. तो बरोबर सांगणं हे आपलं काम, आणि तिथे जाऊन प्रश्न विचारणं हे सगळ्यांचं.